प्रतिसाद: ८० टक्के मिळतात, पण आधी खिशातून

‘रिक्रिएशनल ट्रेल्स प्रोग्रॅममधून (पायवाटांसाठीच्या अमेरिकी सरकारच्या अनुदान योजनेतून) खर्चाचे ८० टक्के मिळतात, म्हणजे आपण २० टक्के उभे केले की झालं,’ असं वर म्हटलंय. आकडा बरोबर आहे, पण हे पैसे आगाऊ हातात पडत नाहीत. आधी खर्च करायचा, मग बिलं आणि पैसे दिल्याचे पुरावे लावून परत मागायचे. १ लाख डॉलरच्या पायवाटेला तुमचा वाटा २० हजार, पण कंत्राटदाराचं बिल भागवायला त्याहून बरीच जास्त रोकड हाताशी लागते. छोट्या संस्था नेमक्या इथेच अडकतात. दुसरी नेहमीची चूक म्हणजे २० टक्के अनुदानावर काढणं. ते एकूण खर्चावर काढायचे: ८० हजारांच्या अनुदानाला १६ नव्हे, २० हजार.

हा वाटा रोख असायलाच हवा असं नाही. स्वयंसेवकांचं श्रमदानही धरता येतं. मात्र हजेरीपत्रक त्याच दिवशी भरा: नाव, तारीख, तास, काय काम केलं (‘झुडपं तोडली’, ‘पाण्याचा चर काढला’) आणि सही. आणि मंजुरीपूर्वी कुदळ मारू नका. आधीच्या खर्चापैकी नियोजन आणि पर्यावरण-तपासणीचाच खर्च तुमच्या वाट्यात धरता येतो, तोही मंजुरीआधीच्या १८ महिन्यांच्या आतला. बांधकामाचा नाही.