रस्ता 'भाडेपट्ट्यानं' दिला की 'मक्त्यानं'?

मिशिगनकाठी
अमेरिकेतल्या इंडियाना राज्याच्या उत्तर भागात राहतो. इथल्या टोलरोडवर मंडळाच्या अंकासाठी लेख लिहितोय आणि एका शब्दापाशी अडलोय.

पार्श्वभूमी अशी. २००६ साली गव्हर्नर मिच डॅनियल्स यांच्या सरकारनं हा १५७ मैलांचा सार्वजनिक रस्ता ७५ वर्षांसाठी स्पेनची सिंत्रा आणि ऑस्ट्रेलियाची मॅक्वायरी या कंपन्यांच्या जोडीच्या हवाली केला आणि ३८० कोटी डॉलर एकरकमी घेतले. रस्ता सात काउंट्यांतून (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) जातो. तिथल्या लोकांचा आणि अनेक लोकप्रतिनिधींचा विरोध होता. टोल आम्ही भरायचा, टोल चुकवणारे ट्रक आमच्या गावांतून जाणार, आणि पैशाचा मोठा भाग मात्र राज्यभर खर्च होणार, हे त्यांचं म्हणणं. पुढे २०१४ मध्ये रस्ता चालवणाऱ्या कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा लेक आणि लापोर्ट या दोन काउंट्यांनी तो करार आपणच घ्यावा म्हणून खटपट केली. मिळाला नाही. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्याच आयएफएम या गुंतवणूक कंपनीनं सुमारे ५७० कोटी डॉलरला घेतला.

मी लिहिलं, "रस्ता भाडेपट्ट्यानं दिला." वडिलांनी वाचून ते खोडलं. भाडं दरमहा नाहीतर दरसाल येतं, इथे सगळा पैसा आधीच घेतलाय, तर 'मक्त्यानं दिला' म्हण, असं त्यांचं मत. बायको म्हणते, मक्ता म्हटलं की तिला दारूचाच मक्ता आठवतो. योग्य शब्द कोणता?

आणि दुसरा प्रश्न. काउंटीच्या 'कमिशनर'ला मराठीत काय म्हणायचं? 'आयुक्तांचा विरोध' लिहिलं तर आपला वाचक सरकारी अधिकारी समजेल. हे तर प्रत्येक काउंटीत तिघं, मतं मागून निवडून येतात.

दप्तरदार
भाडेपट्टा बरोबर आहे, बदलू नका. पट्टा म्हणजे मुदतीचा हक्क देणारा कागद. भाडं हप्त्यानंच आलं पाहिजे असं त्यात कुठेही नाही. नवी मुंबईत सिडकोनं जमिनी ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिल्या, त्याही एकरकमी अधिमूल्य घेऊन. वर्षाचं भाडं नावापुरतं. त्या जमिनींना कोणी मक्त्याच्या जमिनी म्हणत नाही.

गोदातीर
आमच्या मराठवाड्यात याला सरळ 'गुत्ता' म्हणतात. नाक्याचा गुत्ता, तळ्यातल्या मासळीचा गुत्ता, बाजारवसुलीचा गुत्ता. घेणारा गुत्तेदार. तेलुगू-कानडीतून आलेला शब्द, निजामाच्या राज्यात घट्ट बसला. आता गुत्तेदार म्हणजे कुठलाही कंत्राटदार झालाय, पण मूळ अर्थ हाच: ठरलेली रक्कम आधी भर, मग मुदतीत जेवढं गोळा होईल ते तुझं.

शुद्धमती
मक्ता, इजारा, ठेका, गुत्ता. यांतला एकही आपला नाही. शासनव्यवहारात 'पथकर' हा सुंदर शब्द आहे, 'पट्टा' संस्कृत 'पट्ट'वरून आलाय. "पथकराचा रस्ता पट्ट्याने दिला." झालं की वाक्य! परदेशातल्या मराठी मुलांच्या हातात जाणारा अंक आहे, त्यात तरी भाषा नितळ ठेवा.

मोडीवाचक
शुद्धमती, शब्द कुठून आला यापेक्षा त्यानं आपल्याकडे काय पाहिलंय ते महत्त्वाचं. पेशवाईत जकात दोन तऱ्हांनी वसूल व्हायची. एक कमाविशीनं: सरकारनं नेमलेला कमाविसदार वसूल करी आणि हिशेब सरकारात रुजू करी. दुसरी इजाऱ्यानं: जास्त बोली लावणारा रक्कम कबूल करी आणि वसूल स्वतःच्या जोखमीवर करी. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात इजाऱ्याचा सुळसुळाट झाला. इजारदाराची मुदत थोडी, पुढच्या सालाची खात्री नाही, म्हणून हाती आहे तोवर रयत पिळून घ्यायची. हे सगळं 'इजारा' या एका शब्दात साठलेलं आहे. 'पट्टा' म्हटलं की ते पुसलं जातं आणि उरतो एक निरुपद्रवी कागद. इंडियानातल्या काउंट्यांचा विरोध वाचकाला कळायला हवा असेल, तर 'इजाऱ्यानं दिला' लिहा.

दप्तरदार
हा शब्दार्थ नाही, हा पक्ष घेणं आहे. अरबीत इजारा म्हणजे नुसतं भाड्यानं देणं. शिवाय तुमचा युक्तिवाद इथे उलटा पडतो. पिळवणूक मुदत तोकडी म्हणून झाली. इथे मुदत ७५ वर्षं. शिकागो शहरानं आपला स्कायवे हा टोलरस्ता २००५ मध्ये दिला तो तर ९९ वर्षांसाठी, १८३ कोटी डॉलर घेऊन. इतकी लांब मुदत असणारा रस्ता राखेल, ओरबाडणार नाही.

नाखवा
मुदत लांब झाली की राखतात, हे कोकणात येऊन सांगा. खोत वसुलीच करायचा, मक्त्यासारखीच. मुदत लांबत लांबत वंशपरंपरा झाली आणि खोत गावचा धनी झाला. १९३७ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, कायदा व्हायला १९४९ उजाडलं. ७५ वर्षं म्हणजे तीन पिढ्या. तिसऱ्या पिढीला रस्ता मुळात कोणाचा, हे आठवणार आहे का?

करवीरकर
कोल्हापुरात आम्ही हा अनुभव घेतलाय म्हणून लिहितो. शहरातले जवळपास ५० किलोमीटरचे रस्ते खाजगी कंपनीनं बांधायचे आणि ३० वर्षं टोल घ्यायचा, असा करार झाला. त्यात महानगरपालिका स्वतः सामील होती, त्यामुळे आमच्याकडे विरोध नागरिकांना उभा करावा लागला. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे, तालमी, रिक्षावाले, सगळे रस्त्यावर होते. २०१५ च्या अखेरीस सरकारनं टोल रद्द करत असल्याचं जाहीर केलं.

त्या काळात सरकारी कागदांत एक शब्दप्रयोग सारखा यायचा: 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा'. यातल्या 'वापरा'कडे बघा. रस्ता वापरणार कोण? आम्ही. कंपनी फक्त चालवणार आणि वसूल करणार. पण मराठी तर्जुम्यात कंपनी 'वापरणारी' झाली आणि आम्ही वाक्यातून गायब. अशा शब्दांनी फरक पडतो, म्हणून मिशिगनकाठी यांची अडचण मला महत्त्वाची वाटते.

माझा शब्द: 'उक्ता'. खुरपणी उक्ती दिली, घराचं रंगकाम उक्तं दिलं, तसा रस्ता उक्ता दिला. एकरकमी व्यवहार त्यात नेमका येतो.

गोदातीर
उक्त्यात पैसे देणारा मालक आणि राबणारा मजूर. इथे पैसे मजुरानंच मालकाला दिलेत. उलटं होईल.

सातबारा
तलाठी कार्यालयात उमेदवारी झाली आहे, जमिनीच्या नोंदी वाचत आलोय. तुम्ही सगळे भाड्याच्या अंगानं विचार करताय. हा व्यवहार गहाणाच्या जवळचा आहे.

गहाण दोन तऱ्हेचं. नजरगहाणात जमीन तुमच्याच ताब्यात राहते, सावकाराची तिच्यावर फक्त नजर. ताबेगहाणात तुम्ही रक्कम उचलता, जमीन सावकाराच्या ताब्यात जाते आणि पीक तो खातो. इंडियानात हेच झालं. राज्याला आज पैसा हवा होता. त्यानं ३८० कोटी उचलले, ताबा दिला, आणि ७५ वर्षांचं पीक समोरचा खाणार. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचंही तेच. २००४ मध्ये ९१८ कोटी रुपये घेऊन १५ वर्षांची वसुली दिली, ती संपल्यावर २०२० मध्ये ८,२६२ कोटींना २०३० पर्यंत पुन्हा दिली. हैदराबादचा १५८ किलोमीटरचा बाह्यवळण रस्ता २०२३ मध्ये ७,३८० कोटींना ३० वर्षांसाठी गेला. हे पुढच्या उत्पन्नावर आज उचललेले पैसे आहेत. 'भाडं' म्हटलं की कमाई वाटते. 'गहाण' म्हटलं की नातवंडांचं उत्पन्न आज खर्च केलंय, हे दिसतं.

दप्तरदार
गहाणात रक्कम परत करून वस्तू सोडवता येते. इथे मुदत संपली की रस्ता आपोआप परत येतो, मुद्दल फेडायचं नाही. कायद्यानं हे गहाण नव्हे. लेखात तसं लिहिलं तर चूक ठरेल.

सातबारा
ठरलेल्या सालांच्या पिकात मुद्दल-व्याज दोन्ही फिटतील, अशा बोलीची ताबेगहाणंही असतात. मुदत सरली की जमीन मोकळी. पण कायद्याचं नाव आणि लोकांना कळणारं नाव वेगळं असू शकतं, एवढं मानतो. करारनाम्यात 'भाडेपट्टा' राहू द्या, लेखाच्या पुढच्या ओळीत 'म्हणजे रस्ता ७५ वर्षं ताबेगहाण पडला' असं लिहा.

मिशिगनकाठी
सातबारा, ही सूचना मनाला पटतेय, कारण इथला सगळ्यात मोठा राग ताब्याबद्दलच आहे. २००८ साली पूर आला, लोकांना घरं सोडावी लागली, तेव्हा त्यांच्यासाठी टोल माफ केला. त्या माफ केलेल्या टोलचे सुमारे ४ लाख ४७ हजार डॉलर राज्यानं कंपनीला भरून दिले. रस्ता लोकांचा, संकट लोकांचं, आणि माफीची किंमतही लोकांच्याच तिजोरीतून. ज्या काउंट्यांच्या हद्दीत हे घडतं त्यांची सही त्या करारावर नाही. म्हणून शब्द असा हवा की वाचकाला 'ताबा गेला' हे कळावं.

कमिशनरचं मात्र राहिलं. 'काउंटी मंडळाचे सदस्य' चालेल का?

शुद्धमती
'ताबा' अरबी आहे आणि 'रक्कम'ही. 'गहाण' तेवढा आपला. मी पुन्हा विचारते, 'स्वाधीन' का नको? "७५ वर्षांसाठी खाजगी कंपनीच्या स्वाधीन केला." ताबा गेल्याचा अर्थ त्यात पूर्ण आहे आणि पाचवीतलं मूलही समजेल.

मोडीवाचक
'स्वाधीन' चांगला आहे, पण त्यात मोबदला दिसत नाही. चोराला पोलिसांच्या स्वाधीन करतात, पैसे घेऊन नव्हे.

गोदातीर
एक राहून गेलं. बोली लावून दिलं असेल तर क्रियापद 'हर्रास झाला'. आमच्याकडे नाक्याची हर्राशी व्हायची. उर्दूत 'हराज' म्हणतात, तिकडूनच आला.

नाखवा
कोकणात हर्रास ऐकला नाही. लिलाव. तो पोर्तुगीजांकडून आला, कंत्राटासारखाच.

करवीरकर
आमच्या बाजार समितीत गुळाचे सौदे निघतात, पण जप्त मालाचा लिलाव होतो. हर्रास आजोबांच्या पिढीकडून ऐकलाय, जंगलातल्या लाकडाचा. साताऱ्याकडे कोणी हर्रास म्हणतं का अजून?