विंडोज १० च्या घरच्या संगणकाला अँटिव्हायरस: डबा घ्यावा की आतलाच पुरे?

राजेंद्रनगर_शिकवणी

नमस्कार मंडळी, इंदूरहून विचारतेय. घरचा ब्रँडेड डेस्कटॉप आहे. आय३ सातव्या पिढीचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. बाबांचं पेन्शन खातं आणि नेट बँकिंग यावरच चालतं, ह्यांची टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) यावरच, आणि माझ्या शिकवणीच्या प्रश्नपत्रिका पेन ड्राइव्हवर घेऊन झेरॉक्सला जातात.

सध्या आत दोन अँटिव्हायरस आहेत. मशीनबरोबर आलेला मॅकॅफी, त्याची मुदत संपली आहे. दुसरा फुकटचा अवास्ट. तरीही उजव्या कोपऱ्यात 'तुमच्या पीसीत ५ व्हायरस सापडले, त्वरित नूतनीकरण करा' अशी पाटी येते. मशीन सुरू झाल्यावर दहा मिनिटं हलत नाही. सिल्व्हर मॉलच्या दुकानदाराने तीन वर्षांचा टोटल सिक्युरिटीचा डबा सुचवला आहे. तो घ्यावा का? घेतलाच तर काय बघून?

माळवा_नेटवर्क

ताई, डब्याचं नंतर बघू. ती कोपऱ्यातली पाटी बहुधा कुठल्याच अँटिव्हायरसची नाही, क्रोमची नोटिफिकेशन आहे. पाटी नीट वाचा. मजकुराजवळ बारीक अक्षरात 'गूगल क्रोम' आणि एखाद्या अनोळखी साइटचं नाव दिसेल. 'तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करायला अलाऊ दाबा' असं सांगणारी पानं असतात. तिथे कोणीतरी अलाऊ दाबलं की साइटला पाट्या पाठवायचा परवाना मिळतो. अशी पाटी कुठलाही डबा आणून हमखास जाईल असं नाही, कारण संगणकात शिरलेलं काही नाही आणि परवानगी तुमच्याच हाताने दिलेली आहे. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. परवानगी दिलेल्या यादीतली अनोळखी नावं काढून टाका आणि वर 'साइट्सना नोटिफिकेशन पाठवू देऊ नका' हा पर्याय निवडा. पाटीवरच्या नंबरवर फोन करू नका आणि पाटीवर क्लिकही नको.

आता ते दोन अँटिव्हायरस. उघडली जाणारी प्रत्येक फाइल दोघेही अडवून तपासू पाहतात. जुन्या हार्ड डिस्कवर त्याचा अर्थ दहा मिनिटं थांबणं. शिवाय दुसरा अँटिव्हायरस विंडोजकडे नोंदलेला असला की विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, बाजूला होतो. मुदत संपलेला मॅकॅफी नोंदीत अडकून राहिला, तर राखणदार कोणीच नाही अशीही गत होते.

काढायचा क्रम असा ठेवा. मॅकॅफीचं एमसीपीआर आणि अवास्टचं अवास्ट क्लिअर ही सफाईची साधनं त्या त्या कंपनीच्या साइटवरूनच आधी उतरवून घ्या. मग सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्सच्या यादीतून मॅकॅफी अनइन्स्टॉल करा, रीस्टार्ट करा, एमसीपीआर चालवा, पुन्हा रीस्टार्ट. नंतर अवास्टचंही तसंच. अवास्ट क्लिअर सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज फक्त गरजेपुरतं सुरू करून, जायला सांगेल, हो म्हणा. नुसतं अनइन्स्टॉल करून भागत नाही, कारण फाइल तपासणारे ड्रायव्हर मागे उरू शकतात आणि मग नवा अँटिव्हायरस बसताना अडतो. शेवटी विंडोज सिक्युरिटी उघडून खाली सेटिंग्जमध्ये 'मॅनेज प्रोव्हायडर्स' बघा. अँटिव्हायरसच्या रकान्यात एकटा मायक्रोसॉफ्ट डिफेंडर दिसला पाहिजे.

पुढची गोष्ट डबा घेतलात तरी कराच. व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये मॅनेज सेटिंग्ज, आणि तिथे अगदी खाली एक्सक्लूजन्स, म्हणजे तपासणीतून वगळलेल्या जागा. ही यादी सहसा रिकामी असायला हवी. मशीन कधी बाहेर दुरुस्तीला देऊन विंडोज पुन्हा टाकून घेतलं असेल, तर कधीकधी इथे अख्खा सी ड्राइव्ह घातलेला सापडतो. चोरीचं विंडोज किंवा ऑफिस सक्रिय करणाऱ्या साधनांना डिफेंडर पकडतो, म्हणून टाकणाऱ्याने दार उघडं ठेवलेलं असतं. तशी नोंद दिसली तर काढा. मग सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्टिव्हेशन बघा. 'डिजिटल लायसन्स' लिहिलेलं असेल तर चिंता नाही. घरच्या मशीनवर 'तुमच्या संस्थेच्या अ‍ॅक्टिव्हेशन सेवेने' असं काही लिहिलेलं असेल, तर ते विंडोज खरं नाही. त्यावर पैशाचा अँटिव्हायरस बसवण्यात अर्थ नाही, विंडोज नव्याने टाका.

मॅनेज सेटिंग्जच्या त्याच पानावर टॅम्पर प्रोटेक्शन (डिफेंडर परस्पर बंद करू न देणारं) आणि क्लाउड डिलिव्हर्ड प्रोटेक्शन (नेटवरून ताजी माहिती घेणारं) चालू आहेत ना ते बघा. अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोलमध्ये 'पोटेन्शियली अनवाँटेड अ‍ॅप ब्लॉकिंग' चालू करा, डाउनलोड्सची खूणही ठेवा. फुकट पीडीएफ कन्व्हर्टरबरोबर येणारे टूलबार आणि 'पीसी क्लीनर' यातच अडकतात. मग एकदा स्कॅन ऑप्शन्समधून ऑफलाइन स्कॅन. संगणक रीस्टार्ट होऊन विंडोजच्या बाहेर सुमारे पंधरा मिनिटं तपासणी चालते. हातातलं काम आधी सेव्ह करा.

सगळं झालं की आयकारची चाचणी फाइल उतरवून बघा. ६८ अक्षरांची निरुपद्रवी फाइल आहे, बहुतेक सगळे अँटिव्हायरस तिला मुद्दाम व्हायरस म्हणून पकडतात. निमूटपणे उतरली तर संरक्षण चालू नाही असं समजा.

पट्टी_आणि_एसएसडी

वरचं बरोबर आहे, पण सगळ्यात मोठं भोक राहिलंच. विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. डिफेंडरच्या व्हायरस-ओळखीच्या याद्या विंडोज १० वर ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहणार आहेत, म्हणून लोकांना वाटतं आपण सुरक्षित आहोत. पण यादी म्हणजे आत शिरणाऱ्याचा चेहरा ओळखणं झालं. खुद्द विंडोजमधली फट बुजवायला अपडेटच लागतो, आणि ते काम कुठल्याच कंपनीचा डबा करत नाही.

विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे, टीपीएम २.० (बोर्डावरची सुरक्षेची चिप) असेल तरच. तुमचा सातव्या पिढीचा आय३ त्यात बसत नाही. तपासणी चुकवून ११ टाकून देणारे भेटतील. अशा मशीनला अपडेट मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, तेव्हा बँकिंगच्या संगणकावर तो उद्योग नको. त्याऐवजी विस्तारित सुरक्षा अपडेटची योजना घ्या, ईएसयू म्हणतात तिला. ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. आधी विंडोजचं बटण आणि आर दाबून 'विनव्हर' चालवा, आवृत्ती २२एच२ दिसली पाहिजे. मग विंडोज अपडेटच्या पानावर 'एनरोल नाऊ' येतं. मायक्रोसॉफ्ट खात्याने, तेही अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून आत शिरलेलं असावं लागतं. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यात ठेवायला तयार असाल तर पैसे पडत नाहीत. नाहीतर १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर.

दहा मिनिटांच्या रखडीचं मूळही हार्ड डिस्कच आहे. तीन वर्षांच्या डब्याचे पैसे हातात असतील तर आधी २५६ जीबीची अडीच इंची साटा एसएसडी घ्या, म्हणजे हार्ड डिस्कच्याच जोडणीवर बसणारी वेगवान डिस्क. या पिढीच्या स्वस्त बोर्डांवर बहुधा एम.२ ची (पट्टीसारख्या एसएसडीची) खाच नसते, म्हणून साटाच. रॅमची आणखी ४ जीबीची पट्टी टाका. डीडीआर४ आहे की डीडीआर३ हे मशीन उघडून, जुनी पट्टी बघूनच ठरवा. विंडोज एसएसडीवर नव्याने टाका. खरं असेल तर लायसन्स मदरबोर्डाला जोडलेलं असतं, नेट लागलं की आपोआप सक्रिय होतं. जुनी १ टीबी डिस्क डेटासाठी राहू द्या. नव्याने टाकलं की माळवा_नेटवर्क यांनी सांगितलेली मॅकॅफी-अवास्टची साफसफाईही वाचते.

डब्याच्या_बाजूने

सगळेच डिफेंडरचा जयजयकार करताय म्हणून दुसरी बाजू मांडतो.

डिफेंडरची ताकद बरीचशी क्लाउडवर आहे. नेट चालू असताना तो उत्तम. एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या ऑस्ट्रियातल्या प्रयोगशाळेच्या चाचण्यांत नेट तोडल्यावर त्याची पकड कमी झालेली दिसली आहे. ताईंचा पेन ड्राइव्ह झेरॉक्सला जातो. भंवरकुव्याच्या कोचिंगच्या पट्ट्यात एका दुकानातल्या एकाच संगणकाला दिवसभर शेकडो पेन ड्राइव्ह लागतात. तिथून आलेला ड्राइव्ह घरी नेट बंद असताना उघडला, तर पैशाच्या अँटिव्हायरसचा ड्राइव्ह लावताक्षणी होणारा स्कॅन कामाचा आहे. दुसरं म्हणजे बाबांसाठी बँकिंगची वेगळी खिडकी आणि फसव्या साइटचा अडसर. डिफेंडरचा साइट अडवणारा भाग मुख्यतः एजमध्ये चालतो. क्रोमकडे त्याचा स्वतःचा आहे, पण पैशाचा संच दोन्हीकडे एकसारखा पहारा देतो.

घेताना मात्र 'टोटल' या शब्दाला भुलू नका. पुण्याचं क्विक हील घ्या, चेन्नईचं के७ घ्या किंवा परदेशी घ्या, ओळख पटवणारं इंजिन स्वस्त आणि महाग डब्यात सहसा एकच असतं. वर पैसे जातात ते पीसी ट्यूनर, मुलांवर लक्ष ठेवणं आणि असल्या जोडण्यांचे. मधला, इंटरनेट सिक्युरिटी नावाचा डबा घरी पुरतो. एव्ही-टेस्ट या चाचणी संस्थेच्या निकालांत संरक्षण, वेग आणि वापरातली सोय या तिन्हींना ६-६ गुण असतात. तुमच्या ४ जीबीच्या मशीनसाठी एकूण १८ पैकी किती यापेक्षा वेगाचा रकाना वेगळा वाचा.

दुकानात बघायचं ते एवढंच: किती पीसींसाठी, किती वर्षांसाठी, आणि खरवडायच्या कीची पट्टी शाबूत आहे की नाही. मुदत सहसा सक्रिय केल्या दिवसापासून धरतात, डब्यावरच्या छपाईपासून नव्हे. म्हणून जुना डबा चालतो, फक्त आतली डीव्हीडी न वापरता कंपनीच्या साइटवरून ताजं सॉफ्टवेअर उतरवा. छापील किमतीवर घासाघीस होते, लाजू नका. जीएसटीचं पक्कं बिल घ्या. ऑनलाइन मातीमोल भावात मिळणाऱ्या नुसत्या की टाळा, काही कंपन्यांच्या की दुसऱ्या देशासाठी बांधलेल्या असतात. कार्डाने घेतलंत तर ऑटो रिन्यूअल पहिल्याच दिवशी बंद करा. पुढच्या वर्षीचा दर पहिल्या वर्षाच्या सवलतीचा नसतो.

फुकटच्या अवास्टबद्दल एक वाक्य. ग्राहकांचा ब्राउझिंगचा डेटा विकल्याच्या प्रकरणात अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये त्यांच्यावर १ कोटी ६५ लाख डॉलर भरायची वेळ आणली. डेटा विकणारी उपकंपनी त्यांनी २०२० मध्येच गुंडाळली होती, पण फुकटाची किंमत कुठून निघते ते कळावं म्हणून सांगितलं.

राजेंद्रनगर_शिकवणी

सगळ्यांचे आभार. पाट्या गेल्या! यादीत अकरा अनोळखी साइट होत्या. एसएसडी आधी घ्यायची ठरवलं. दोन शंका. रॅन्समवेअर, म्हणजे फाइलना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस, त्यासाठी विंडोजमध्येच काही आहे असं ऐकलं, ते चालू केलं तर टॅली अडेल का? आणि पेन ड्राइव्हवरचे फोल्डर शॉर्टकट होऊन बसतात, त्यातल्या प्रश्नपत्रिका गेल्या समजायच्या का?

माळवा_नेटवर्क

आहे, नाव कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस. व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये खाली 'मॅनेज रॅन्समवेअर प्रोटेक्शन'. मुळात बंद असतं. चालू केलं की डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरेंत अनोळखी प्रोग्रॅमला लिहिता येत नाही. टॅलीचा डेटा फोल्डर या यादीत आपोआप येईलच असं नाही, तो 'प्रोटेक्टेड फोल्डर्स'मध्ये हाताने जोडा. मग टॅली उघडून एक नोंद सेव्ह करून बघा. अडली तर 'अलाऊ अ‍ॅन अ‍ॅप'मध्ये 'रिसेंटली ब्लॉक्ड'ची यादी असते, तिथून टॅलीला परवानगी द्या. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरचंही तसंच होतं. कधीकधी चूक 'फाइल सापडली नाही' अशी भलतीच दिसते, म्हणून आधी ही यादी बघायची सवय ठेवा. आणि हे फक्त डिफेंडर मुख्य राखणदार असताना चालतं. डबा घेतलात की हे बंद, मग डब्यातली तशी सोय शोधावी लागेल.

तरी टॅलीचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्याच, आणि घेऊन झाला की डिस्क काढून ठेवा. जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर तीही कुलूपबंद करतं.

पट्टी_आणि_एसएसडी

प्रश्नपत्रिका गेलेल्या नाहीत ताई. तो व्हायरस खरे फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट ठेवतो, त्यावर डबल क्लिक केलं की व्हायरस चालतो. म्हणून शॉर्टकट उघडू नका. फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, मग ऑप्शन्स, आणि तिथे लपलेल्या फाइल दाखवा ही खूण करा, 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टीम फाइल्स'ची खूण काढा. खरे फोल्डर पुसट दिसतील. काही वेळा ते बिननावाच्या एका फोल्डरमध्ये कोंबलेले असतात. फक्त पीडीएफ आणि वर्डच्या फाइल बाहेर काढा, पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा, मग संगणकाचा पूर्ण स्कॅन करा. शेवटी ती खूण पुन्हा घाला, नाहीतर घरातलं कोणीतरी सिस्टीमची फाइल डिलीट करून बसेल.

झेरॉक्सला वेगळा ८ जीबीचा ड्राइव्ह ठेवा, त्यात प्रश्नपत्रिकेची पीडीएफ सोडून काही नको. परत आला की न उघडता उजवं क्लिक करून सरळ फॉरमॅट. पीडीएफ ईमेलने पाठवता आली तर ड्राइव्हची गरजच नाही.

डब्याच्या_बाजूने

बाबांसाठी वेगळं स्टँडर्ड खातं उघडा, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड तुमच्याकडे. म्हणजे 'वीजबिल थकलंय, रात्री कनेक्शन कापू' म्हणणाऱ्याने फोनवर काही इन्स्टॉल करायला सांगितलं तर बहुतेक वेळा पासवर्डपाशी अडेल. एनीडेस्कसारखी, दुरून संगणक चालवू देणारी काही साधनं मात्र इन्स्टॉल न करताही चालतात, आणि ती कायदेशीर असल्याने अँटिव्हायरस त्यांना सहसा हात लावत नाही. तेवढं तोंडी सांगून ठेवा. पैसे गेलेच तर आधी १९३० ला फोन, मग बँकेला, मग सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार. हा क्रम आणि नंबर मॉनिटरच्या कडेला चिकटवून ठेवा.