'मदर करेज' बघून रडू आलं, तर ब्रेख्त हरला का?

विंगेतून:
वास्तववादी नाटकात चौथी भिंत (रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यामधली कल्पित भिंत) असते, जर्मन नाटककार ब्रेख्तच्या एपिक थिएटरमध्ये (प्रेक्षकाला भावनेत वाहू न देता विचार करायला लावणाऱ्या नाटकात) ती पाडलेली असते, एवढ्यावरच आपल्याकडची चर्चा थांबते. मला हे फार वरवरचं वाटतं. नाटक बघताना आपल्या मनात कुठला प्रश्न जागा राहतो, यात खरा फरक आहे. वास्तववादी नाटकात 'आता हिचं काय होणार?' म्हणून आपण जीव मुठीत धरून बसतो. ब्रेख्त ते आधीच सांगून मोकळा होतो. 'मदर करेज' या त्याच्या नाटकातली करेज सैन्यामागे गाडी ओढत माल विकते. तिसऱ्या प्रवेशाआधी फलकावरच वाचायला मिळतं की या बाईचा प्रामाणिक मुलगा मरणार. मग उरतं एवढंच, की हे टळलं असतं का? आई लाचेच्या रकमेवर घासाघीस करत बसते आणि तेवढ्यात त्याला गोळ्या घातल्या जातात. युद्धावर पोट भरणाऱ्या बाईची तिन्ही मुलं युद्ध खाऊन टाकतं. यात नशीब कुठेच नाही, सगळा व्यवहार आहे. तो लख्ख दिसावा म्हणून तर तो पांढरा उजेड, ते फलक, ती मध्येच येणारी गाणी.

नेपथ्य:
साफ असहमत. १९४१ साली झुरिकला पहिला प्रयोग झाला तेव्हा समीक्षकांना तिच्यात सगळं सोसणारी माऊलीच दिसली. ब्रेख्तने संहिता बदलून तिला आणखी कठोर केलं. १९४९ मध्ये बर्लिनला नटी हेलेन वायगेलने ती उभी केली, तरी लोक रडलेच. मग सिद्धांताचं काय झालं?
आणि विचार करायला लावणं हा काय एपिकचाच मक्ता आहे? इब्सेनच्या 'डॉल्स हाउस' नाटकातली नोरा १८७९ मध्ये घर सोडून गेली. जर्मनीत एका नटीने तो शेवट करायला नकार दिला आणि इब्सेनला स्वतःच्या हाताने दुसरा शेवट लिहून द्यावा लागला. चौथी भिंत शाबूत होती, तरी समाज हादरला.

विंगेतून:
रडू येणं म्हणजे हार, असं मी म्हटलेलं नाही. रडण्यानंतर काय होतं ते बघा. शेवटी मुलगी कात्रीनच्या दफनासाठी वायगेल शेतकऱ्यांना पैसे देते तेव्हा बटव्यातून नाणी काढते, बघते आणि त्यातलं एक परत ठेवते. डोळे पुसणारा प्रेक्षक तिथे अडखळतो. नोरा स्वतः शहाणी होते आणि ते बोलूनही दाखवते. करेज काहीच शिकत नाही, शिकायचं काम प्रेक्षकावर पडतं.

ढोलकी:
दोघांनाही एक विचारायचंय. गाणी, निवेदन, प्रेक्षकांशी थेट बोलणं, हे तमाशात पहिल्यापासून आहे. 'घाशीराम कोतवाल'मध्ये (१९७२) तर माणसांचीच भिंत उभी राहते. ब्रेख्तच्या 'थ्री पेनी ऑपेरा'वरून पुलंनी 'तीन पैशाचा तमाशा' केला (१९७८), तेव्हा इथल्या प्रेक्षकाला त्या रूपाने धक्का बसायचं कारणच नव्हतं. जर्मन प्रेक्षक गाण्याने दचकत असेल, आपण ठेका धरतो. मग ब्रेख्तला हवा तो दुरावा, म्हणजे नाटकाकडे अलिप्तपणे बघणं, येणार कुठून? माझ्या मते मराठी प्रेक्षकाला अस्वस्थ करायचं तर त्याच्या ओळखीच्या दिवाणखान्यातच गाठावं लागतं.

नेपथ्य:
ढोलकी, हेच म्हणतोय. आणि विंगेतून, ते नाणं परत ठेवणं हा तर अस्सल वास्तववादी अभिनय झाला! वास्तववादी अभिनयाची पद्धत घडवणाऱ्या स्तानिस्लाव्हस्कीच्या नटाने वेगळं काय केलं असतं?

विंगेतून:
कृती बारीक निरीक्षणातून आली, मान्य. पण त्याआधीचे अकरा प्रवेश आपण तिला मोजतानाच पाहिलेलं असतं. ती बकल विकण्यात गुंतते आणि तेवढ्यात थोरला सैन्यात भरती होतो. म्हणून ते नाणं तिच्या स्वभावापेक्षा तिच्या धंद्याबद्दल बोलतं. त्यानंतर ती एकटीच गाडी ओढत पुन्हा सैन्यामागे निघते. वास्तववादी नाटकाला एवढ्या दुःखानंतर तिला बदललेली दाखवावी लागली असती.

नेपथ्य:
मुळीच नाही. चेखवची माणसं कुठे बदलतात? 'चेरी ऑर्चर्ड'मध्ये सगळी बाग हातची जाते आणि बागेची मालकीण रानेव्हस्काया पॅरिसला त्याच लुबाडणाऱ्या प्रियकराकडे परत निघते. 'हे टळलं असतं का?' हा प्रश्न मला तिथेही तेवढाच छळतो, आणि तो विचारायला तिथे एकही फलक नसतो.