संस्थेची पोस्ट, बीकेसीतली परिषद आणि कंपनीचा शाश्वतता अहवाल: आमचं काम कुठे, कसं मांडू?

चेंबूरकरीण

नमस्कार मंडळी. चेंबूर-गोवंडी पट्ट्यात ओला-सुका कचरा वेगळा करणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी काम करते. आमच्या कचरावेचक ताया सोसायट्यांतून कचरा घेतात, ओल्याचं आवारातच खत होतं, सुका निवडून भंगारवाल्याकडे जातो. २०,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या किंवा रोज १०० किलोहून जास्त कचरा होणाऱ्या सोसायट्यांनी ओला कचरा आपल्याच आवारात जिरवावा, असं मुंबई महापालिकेने २०१७ साली सांगितलं. आमचं काम वाढलं ते तेव्हापासून.

आता विश्वस्तांना इन्स्टाग्रामवर रील हव्या आहेत. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यासाठी बाजूला काढलेला, निधी देणाऱ्या कंपनीने शाश्वतता अहवालासाठी (पर्यावरण आणि समाजासाठी काय केलं, त्याचा अहवाल) ‘आकडे आणि छान फोटो’ मागितलेत. शिवाय हिवाळ्यात बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) परिषद आहे, तिथे बोलायला १० मिनिटं मिळाली आहेत. ऑफिसात माणसं मोजकीच, सोशल मीडियासाठी वेगळं कोणी नाही.

देवनारच्या डंपिंग ग्राउंडवर १९२७ पासून कचरा पडतोय. त्यातला थोडा तरी ज्या बायकांच्या हातांनी अडतो, त्यांचं काम लोकांना कळावं असं मला मनापासून वाटतं. पण आमच्या पोस्टवर टाळ्यांच्या इमोजी येतात आणि विषय तिथेच संपतो. हाताशी वेळ थोडा आहे, तो कुठे घालू?

ताळेबंद

ताई, मी शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या एका कंपनीच्या अहवालाचं काम करतो, म्हणून त्या बाजूने सांगतो.

शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर, म्हणजे ठरावीक नमुन्यातला शाश्वतता अहवाल, सक्तीचा केला आहे. त्यात जबाबदार व्यवसायाची नऊ तत्त्वं आहेत. सहावं पर्यावरणाचं. तिथे कंपनीने स्वतःचा कचरा टनांत द्यायचा: प्लॅस्टिक किती, ई-कचरा किती, बांधकामाचा किती, मग त्यातला पुनर्चक्रीकरणाला किती गेला, जाळला किती, डंपिंगला किती. तुमच्या सोसायट्यांचा कचरा हा कंपनीचा कचरा नाही, त्यामुळे तो या तक्त्यात येऊच शकत नाही. निधी दिला म्हणून ‘आम्ही इतके टन कचरा वाचवला’ अशी पोस्ट कंपनीने तुम्हाला टॅग करून टाकली, तर फोन करून मजकूर बदलून घ्या. उद्या कोणी हिशेब मागितला तर नाव तुमचंही त्यात असेल.

तुमचं काम बसतं आठव्या तत्त्वात, म्हणजे समावेशक विकासात. तिथे विचारतात की सीएसआर प्रकल्पाचा लाभ किती जणांना झाला आणि त्यातले किती टक्के दुर्बल, वंचित गटांतले आहेत. म्हणजे त्या पानावर टनांच्या आधी तुमच्या ताया येतात. किती जणींना ओळखपत्र मिळालं, किती जणींचे पैसे थेट बँकेत जातात, हे लिहून ठेवा. अहवालाच्या टीमला हे मिळालं की फार बरं वाटतं, कारण बहुतेक संस्था नुसते फोटो पाठवतात.

वजनाची नोंदही सोडू नका, महापालिकेला आणि सोसायटीला ती लागतेच. तारीख, सोसायटी, ओला, सुका, निवडून उरलेला टाकाऊ, आणि कोणत्या काट्यावर मोजलं, एवढे रकाने पुरेत. पावसात ओला कचरा पाण्याने जड होतो, गणपतीत निर्माल्य आणि नारळांची भर पडते. शेऱ्यात ते लिहा, नाहीतर सप्टेंबरचा आकडा पाहून कोणीही शंका घेईल. महिन्याची बेरीज फळ्यावर लिहून त्याचा फोटो पोस्ट करा. आमचं आर्थिक वर्ष मार्चअखेर संपतं आणि एप्रिल-मेमध्ये सगळे आकड्यांमागे धावतात. तेव्हा तारीखवार नोंद तयार असलेल्या संस्थेला पहिला फोन जातो.

माटुंगा_पूर्व

परिषदेबद्दल. अशा सभागृहात सीएसआरवाले असतात आणि ते लिंक्डइन बघतात. सोसायटीचे सेक्रेटरी व्हॉट्सअ‍ॅपवर. इन्स्टाग्रामवर स्वयंसेवक पोरं. तिन्हीकडे एकच मजकूर चिकटवू नका.

१० मिनिटांत संस्थेचा इतिहास नको. एकच सोसायटी घ्या, आधी काय होतं, आता काय आहे, अजून काय अडतं. निम्मा वेळ एखाद्या ताईंना द्या, त्यांच्या बोलीत. त्यांची प्रवेश फी माफ करा आणि बुडालेला रोज द्या, असं आयोजकांना आताच लिहून कळवा. परिषदेहून परतल्यावर स्टेजवरचा फोटो टाकण्यापेक्षा तिथे विचारलेला प्रश्न आणि त्याला मिळालेलं उत्तर टाका. उत्तर देणाऱ्याला टॅग केलं की विषय पुढे सरकतो.

आणखी एक. निधी देणारी कंपनी ‘स्टॉलवर आमच्या उत्पादनाचा बॅनर लावा, खर्च सीएसआरमधून देऊ’ म्हणाली तर थांबा. उत्पादनाच्या जाहिरातीचा फायदा मिळवण्यासाठी दिलेलं प्रायोजकत्व सीएसआर नियमांत मोजलं जात नाही.

सुमनताई_के

फोटोंचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. आमच्या वस्तीत कित्येक बायका घरी सांगतात की त्या ‘हाऊसकीपिंग’ला जातात. लेकीचं लग्न जमवायचं असतं. त्यांचा कचऱ्यातला फोटो भाच्याच्या मोबाइलवर पोचला तर घरात काय होतं, ते मी पाहिलं आहे. कागदावर अंगठा घेतला म्हणजे परवानगी झाली, असं कृपया समजू नका. फोटो काढल्यावर तो त्यांना दाखवा, कुठे जाणार ते सांगा, ‘नको’ म्हणायला एक दिवस द्या. नंतर नको म्हणाल्या तरी लगेच काढून टाका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही, एकदा दिलेली संमती मागे घेण्याची तरतूद आहे. लहान मुलांचा चेहरा तर कधीच नको.

ज्यांना दिसायचं आहे त्यांना मात्र नावासकट, ताठ मानेने दिसू द्या. अशाही पुष्कळ आहेत.

चेंबूरकरीण

सगळ्यांचे आभार. आज दुपारी डब्याच्या सुट्टीत तायांबरोबर बसून हे वाचून दाखवलं. सुमनताई, तुमचं ऐकून दोघींनी जुने फोटो काढायला सांगितले, ते लगेच काढले. एक जण म्हणाली, ‘माझा ठेवा, पण काट्याजवळचा टाका, वजन मीच लिहिते.’ परिषदेत त्याच बोलणार आहेत. आयोजकांना बुडालेल्या रोजाबद्दल मेल गेला आहे.

ताळेबंद, एक विचारायचं राहिलं: एखादी ताई वर्षाच्या मध्ये काम सोडून गेली, तर लाभार्थींत तिला धरायचं का? आमच्याकडे पावसाळ्यात गावी जाणाऱ्या बऱ्याच जणी आहेत.

ताळेबंद

धरा, पण वेगळ्या रकान्यात: किती महिने काम केलं आणि परत आल्या का. एकच ताई दोन सोसायट्यांत असेल तर ती एकदाच मोजा. मोजायची पद्धत कंपनीला लेखी कळवा आणि दरवर्षी तीच ठेवा.