परदेशात तुम्हाला कोणी टोपी घातली?

काल कपाट आवरताना मोज्यात गुंडाळलेला निळा खडा सापडला आणि बँकॉक आठवलं. ग्रँड पॅलेसच्या भिंतीशी कडक इस्त्रीचा एक सभ्य गृहस्थ भेटला. "आज पूजा आहे, पॅलेस बंद. तोवर २० बातमध्ये टुकटुकवाला मोठा बुद्ध दाखवेल." बुद्ध दोन मिनिटं, रत्नांचं दुकान पाऊण तास! "सरकारी सूट, आज शेवटचा दिवस, घरी जाऊन दुपटीने विका." आमचे हे हिशेबाला पक्के, दोनदा गुणाकार करून मग घेतला. पुढे सराफाने भिंगसुद्धा लावलं नाही. पॅलेस त्या दिवशी ८:३० पासून उघडाच होता, फाटक कोपऱ्यावर. वळून बघायला काय झालं होतं आम्हाला, देव जाणे. तुमचेही येऊ द्यात.

गोगलगाय
जेटस्की, म्हणजे पाण्यावरची स्कूटर. फुकेत, थायलंड. ओरखडा जुना, बिल आमच्या नावावर, आणि पासपोर्ट भाड्याने देणाऱ्याच्या खिशात. पासपोर्ट गहाण ठेवूच नका हो. पाण्यात जायच्या आधी त्याच्यासमोर सगळीकडून व्हिडिओ काढा, बुडाचासुद्धा. मी टुरिस्ट पोलिसांचा ११५५ नुसता फिरवायला घेतला तर रक्कम निम्मी झाली. बाळ उठलं, बाकी नंतर

उंटावरचा_शहाणा
इजिप्तमध्ये गिझाला उंटावर चढायचे पैसे ठरवले. उतरायचे ठरवायचे राहिले. उंटवाला उंट खाली बसवेना! बायको खालून म्हणते, "राहू दे त्यांना वरच." तेव्हापासून हे नाव.

धागाकर्ती
वहिनींना साष्टांग नमस्कार 😂

झुळूक
माझं स्कूबा डायव्हिंगचं. तिथल्या माणसाला विचारलं, "इन्शुरन्स आहे ना?" तर "आहे आहे", कागद मात्र दाखवेना. माझ्या ट्रॅव्हल पॉलिसीत साहसी खेळ वगळलेले, तेही आदल्या रात्री बारीक अक्षरात वाचलं. बोटीवर सिलिंडरमधल्या हवेच्या दाबाचा काटा बघितला. २०० बारच्या आसपास असायला हवा तो ९० वर. म्हणे उथळच आहे. मी म्हटलं मग तूच जा. ॲडव्हान्स बुडाला, मी नाही.

गोगलगाय
@झुळूक शाब्बास! मला तो काटा असतो हेच माहीत नव्हतं

निवांत
नुसतीच वाचतेय. कपाट आवरायला वेळ कुठून मिळतो तुम्हाला?

धागाकर्ती
पाहुणे येणारेत म्हणून 😐

उंटावरचा_शहाणा
खड्याचं काय केलंत पण?

धागाकर्ती
हे म्हणतात अंगठीत बसवू. परत मोज्यात घातलाय. जोडीचा मोजा मात्र सापडत नाहीये.