पावसाळी हवेत डाउनहिल शर्यत : टायरचा निर्णय कधी आणि कशावरून घ्यावा?

सह्यवारा :

नमस्कार. मी मूळचा नाशिकचा. नोकरीनिमित्त ग्लासगोला राहतो आणि गेली तीन वर्षे स्कॉटलंडमधील हौशी डाउनहिल शर्यतींत, म्हणजे डोंगरउतारावरून सायकलने वेगात खाली येण्याच्या शर्यतींत, उतरतो आहे. मागच्या महिन्यात फोर्ट विल्यमच्या उतारावर माझी जी फजिती झाली, तिच्याविषयी अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

शनिवारी सराव कोरड्यात झाला. रात्री रविवारसाठी मुसळधार पावसाचा अंदाज आला, म्हणून मी पहाटे उठून पुढचे आणि मागचे असे दोन्ही टायर काढून उंच, टोकदार दातांचे स्पाइक टायर चढवले. प्रत्यक्षात माझी पाळी येईपर्यंत नुसती भुरभुर चालू होती. वरच्या उघड्या माळावरील मोठ्या खडकांवर पुढचे चाक असे काही वळवळू लागले की दात मुडपत असल्याचे हाताला स्पष्ट जाणवत होते, आणि तिसऱ्या वळणावर मी आडवा झालो. माझ्या मागून आलेला मित्र नेहमीच्याच टायरवर सहज खाली पोहोचला. हवामानाचा अंदाज असा चुकणार असेल, तर टायरचा निर्णय नेमका कशावरून घ्यावा? आणि बदलायचेच झाले, तर दोन्ही टायर बदलावेत का?

चाकोरी :

पडल्यानंतर तुम्ही सुखरूप आहात, हे वाचून बरे वाटले. मी ट्वीड नदीच्या खोऱ्यात, इनरलेदनजवळ राहतो आणि बारा वर्षांत बहुतेक शर्यती ओल्यातच केल्या आहेत. माझे स्पष्ट मत असे आहे की तुम्ही आकाशाकडे पाहून निर्णय घेतला. तो जमिनीकडे पाहून घ्यायला हवा होता.

फोर्ट विल्यमचा उतार सुमारे २.८ किलोमीटर लांब असून साडेपाचशे मीटर खाली येतो. त्याचा वरचा मोठा भाग दगडांचा आहे. तिथला खडक खरखरीत असल्यामुळे भिजल्यावरही चांगला धरतो. मात्र त्याला पकडायला टायरचे रबर जास्तीत जास्त टेकावे लागते. स्पाइकचे दात लांब आणि एकमेकांपासून दूर असतात. ते मऊ मातीत खोल रुततात, पण दगडावर रुतायला जागाच नसते, म्हणून ते वाकतात आणि वाकलेला दात सुटतो तो एकदम. खालचे झाडीतले पट्टे मात्र अगदी वेगळ्या स्वभावाचे आहेत : तिथे काळी, भुसभुशीत माती आणि उघडी पडलेली मुळे. म्हणजे एकाच उतारावर दोन टायर हवेत, आणि ते शक्य नाही.

यावर आमच्याकडे जुना तोडगा आहे. स्पाइकचे दात वायर कटरने साधारण एक तृतीयांश छाटून टाकायचे. उंची कमी झाली की दात ताठ राहतो, आणि मधली मोकळी जागा तशीच राहिल्यामुळे चिखल बाहेर फेकला जातो. मी मधली रांग छाटतो आणि कडेचे दात बहुधा तसेच ठेवतो, कारण वळणावर सायकल कलते तेव्हा भार त्यांच्यावर येतो. एका टायरला तासभर लागतो आणि बोटे दुखतात, म्हणून हे काम शर्यतीच्या आदल्या रात्री नव्हे, तर आठवडाभर आधी घरी करावे. शंका असेल तेव्हा मी फक्त पुढचा टायर बदलतो. मागचे चाक सरकले तर सावरता येते. पुढचे गेले की सावरायला वेळ मिळत नाही.

वाफसा :

वरील उत्तराशी मी सहमत आहे, फक्त मातीविषयी थोडे अधिक लिहितो. माझे बालपण साताऱ्याकडे शेतात गेले आणि आता मी ऑस्ट्रियात असतो. शेतकऱ्याला ‘ओली जमीन’ एवढ्या एका शब्दाने काहीच कळत नाही, आणि माझ्या मते डाउनहिलच्या स्पर्धकालाही कळू नये.

पहिली सर पडते तेव्हा वरची धूळ नुसती ओलावते आणि तिचा पातळ, निसरडा थर होतो, खाली मात्र जमीन टणकच असते. या अवस्थेत कोणताच टायर नीट धरत नाही, तेव्हा सबुरीने उतरणे एवढेच हाती असते. पाऊस लागून राहिला की चिखल पातळ होऊन वाहू लागतो आणि टायर त्यातून खालच्या टणक थरापर्यंत पोहोचतो. दिसायला हे भयंकर असले, तरी स्पाइकवर ते पुष्कळ विश्वासाचे असते. सर्वांत वाईट वेळ उघडीप झाल्यानंतरची. पाणी निचरून माती कणकेसारखी होते, दातांच्या मधल्या फटी बुजवते आणि टायर गुळगुळीत रूळ होऊन बसतो. फ्रेम आणि चाकाच्या मधेही हाच गोळा साचतो, म्हणून मी सायकल धुऊन फ्रेमच्या खालच्या बाजूला सिलिकॉनचा फवारा मारतो. तो डिस्कवर आणि ब्रेकच्या पॅडवर उडू नये, यासाठी त्यांवर आधी कापड बांधतो. त्यानंतर कधीतरी वाफसा येतो, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी, हवी तेवढीच ओलसर राहते, आणि त्या जमिनीवर उतरण्यासारखे सुख नाही.

म्हणून शर्यतीच्या सकाळी पाऊस किती पडेल हे विचारण्याऐवजी, माझी पाळी येईल त्या मिनिटाला माती यांपैकी कोणत्या अवस्थेत असेल, हे विचारावे. टाचेने माती दाबून पाहिली की बरेच कळते.

पाळीचा भाग नशिबाचाही आहे. विश्वचषकाच्या अंतिम फेरीत पात्रता फेरीतील सर्वांत वेगवान स्पर्धक शेवटी सुटतात, त्यामुळे पाऊस उशिरा आला तर तो नेमका त्यांच्याच वाट्याला येतो. २०१७ साली फ्रान्समधील लूर्द येथे असेच झाले आणि पावसाआधी उतरलेला अलेक्सांद्र फायोल विजेता ठरला. पण त्याच वर्षी कॅनडातील मों-सेंत-आन येथे ॲरन ग्विन भर पावसात उतरूनही जिंकला. २०११ च्या शांपेरी येथील विश्व अजिंक्यपद स्पर्धेत तर डॅनी हार्टने ओल्याचिंब उतारावर ११ सेकंदांहून अधिक फरकाने विजय मिळवला. तो तेव्हा १९ वर्षांचा होता.

उतरंड :

टायरवर पुरेसे लिहून झाले आहे, म्हणून मी डोळे आणि ब्रेक यांविषयी लिहिते, कारण माझ्या दोन शर्यती याच दोन कारणांनी वाया गेल्या.

गॉगल वर जाताना डोक्यावर चढवू नये. घामाच्या वाफेने काच आतून धुरकटते. मी तो कोरड्या पिशवीत ठेवते आणि सुटण्याआधी एक-दोन मिनिटे डोळ्यांवर घेते. गॉगलला रोल-ऑफ असेल, म्हणजे दोरी ओढली की काचेवरची मळकी फिल्म गुंडाळून स्वच्छ फिल्म पुढे आणणारी सोय असेल, तर दोरी ओढायची ठिकाणे सरावातच ठरवावीत. मी सरळ, मोकळ्या पट्ट्यावरच ओढते, कारण एक हात सुटलेला असताना मुळे समोर आली तर काहीच करता येत नाही. हातमोजांचा कोरडा जोडही त्याच पिशवीत असावा. वरच्या वाऱ्यात अर्धा तास उभे राहून बोटे बधिर झाली की ब्रेक किती दाबला गेला, हे कळेनासे होते.

ब्रेकचे ऑरगॅनिक, म्हणजे राळेने बांधलेल्या तंतूंचे मऊ पॅड वाळूमिश्रित चिखलात एका दिवसात संपू शकतात. माझे सरावातच संपले होते आणि मी तपासले नव्हते. आता ओल्यात मी धातूमिश्रित सिंटर्ड पॅडच वापरते. ते किंचाळतात, पण टिकतात. प्रत्येक फेरीनंतर टॉर्च धरून पॅडची जाडी पाहते.

सह्यवारा :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. माझी चूक आता नेमकी कळली. एक शंका उरली आहे : ओल्यात टायरमधील हवा किती कमी करावी? माझे वजन ७२ किलो आहे. कोरड्यात मी पुढे २४ आणि मागे २७ पीएसआय ठेवतो.

चाकोरी :

त्या दगडांवर पुढे २३ आणि मागे २६ पासून सुरुवात करा, त्याहून खाली जाण्याची घाई करू नका. मऊ टायर रिमवर आदळून फुटतो. एकेक पीएसआय बदलून सरावाच्या दोन फेऱ्या करा आणि प्रत्येक वेळी एकच पंप वापरा, कारण दोन पंपांचे काटे क्वचितच जुळतात.