ख्रिस्तराजाच्या सणाला बँडबाजा हवाच का?

मांडवीपल्याड:

२०२६ साली ख्रिस्तराजाचा सण २२ नोव्हेंबरला येतो आणि दोनच दिवसांनी, २४ तारखेला, संत फ्रान्सिस झेवियरची नोव्हेना, म्हणजे सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू होते. इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, राबणाऱ्या माणसांना त्या आठवड्यात मान वर करायला फुरसत नसते. तरी बैठकीत पहिला प्रश्न कुठला निघतो? बँड कोणाचा सांगायचा. दुसरा, फुलं किती आणायची. शुभवर्तमान कुठलं आहे हे कोणी विचारत नाही.

म्हणून मुद्दाम वाद घालतो. या सणाची पवित्र साक्रामेंताची, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानलेल्या भाकरीची, रस्त्यावरची मिरवणूक निदान ‘अ’ वर्षी तरी बंद ठेवावी.

उपासनेतली बायबलची वाचनं ‘अ’, ‘ब’, ‘क’ अशा तीन वर्षांच्या फेऱ्यात येतात. ‘ब’ वर्षी योहान १८: हात बांधलेला येशू पिलातासमोर उभा. ‘क’ वर्षी लूक २३: क्रुसावरचा येशू, शेजारी गुन्हेगार. आणि ‘अ’ वर्षी, म्हणजे २०२६मध्ये, मत्तय २५. इथे राजा सिंहासनावर बसतो खरा, पण हिशेब मागतो तो भुकेल्याचा, तहानेल्याचा, परक्याचा, उघड्याचा, आजाऱ्याचा आणि तुरुंगातल्याचा. तिन्ही ठिकाणी शोधून पाहा, सोन्याचा मुकुट सापडायचा नाही. आपल्याकडे मात्र लाल गालिचा, जरीचा पालियो, म्हणजे साक्रामेंतावर धरायचं दांड्यांवरचं छत, आणि पुढे ट्रम्पेट.

सणाचा इतिहासही बघा. पोप पायस अकरावे यांनी ११ डिसेंबर १९२५च्या ‘क्वास प्रीमास’ या पत्राने तो सुरू केला. धर्माला सार्वजनिक जीवनातून हाकलणाऱ्या राजवटींना तो जबाब होता. दिवस ठरला ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. १९६९च्या नव्या पंचांगात पॉल सहावे यांनी तो उचलून उपासना वर्षाच्या शेवटच्या रविवारी नेला आणि नाव ‘विश्वाचा राजा’ असं केलं. जागा हलली तसा रोखही हलला. आजच्या सत्ताधाऱ्यांना सुनावण्यापेक्षा काळाच्या शेवटाकडे बघायचा हा दिवस झाला. आपण अजून १९२५च्याच थाटात रस्त्यावर उतरतो.

त्याऐवजी त्या संध्याकाळी वाड्यावाड्यांतल्या समूहांनी तांदूळ-डाळ गोळा करून गरजूंकडे पोचवावी.

पालियोचा चौथा दांडा:

मांडवीपल्याडबाब, अर्धं बरोबर वाचलंत. ‘क्वास प्रीमास’मध्येच लिहिलंय की हे राज्य मुख्यतः आध्यात्मिक आहे. पण म्हणून ख्रिस्ताचा सार्वजनिक व्यवहारावर अधिकार नाही असं म्हणणं चूक, हेही त्याच पत्रात आहे. राजा चार भिंतींत ठेवायचा असता तर सणाची गरजच नव्हती.

आणि मिरवणुकीत आपण नेतो काय? सोन्याचा मुकुट नव्हे, भाकर. बिनखमिराच्या पिठाची पातळ चकती. हिच्याहून गरीब राजा दाखवा.

गडबड होते ती मिरवणूक काढण्यात नाही, ती वाईट काढण्यात. बँड का लागतो माहीत आहे? लोकांना एकत्र गाता येत नाही म्हणून. चारचारच्या रांगा, दोन रांगांत एक मीटर, तर हजार माणसांची लांबी २५० मीटर होते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे पुढच्या गाडीवरच्या कर्ण्यातला सूर शेपटीला पाऊण सेकंद उशिरा. मिनिटाला ८० मात्रांच्या लयीत हा अख्ख्या एका मात्रेचा फरक झाला. मागचे मागे राहतात, मधले गोंधळतात, शेवटी सगळे गप्प. मग ती शांतता भरायला ट्रम्पेट.

यावर उपाय आहे. चालताना लांब गाणी घ्यायचीच नाहीत. पवित्र हृदयाची लितानी घ्या, म्हणजे एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं अशी प्रार्थना: ३३ आवाहनं, उत्तर एकच आणि आखूड. दर ५० मीटरला एक वाचक ठेवा, त्याने आपल्या तुकडीपुरतं म्हणायचं. तुकड्या मागेपुढे झाल्या तरी बिघडत नाही. गाणी थांब्यावर, सगळे उभे असताना.

वेळेचं गणितही कच्चं असतं. साक्रामेंत घेऊन चालण्याचा वेग तासाला दोन किलोमीटर धरा. एक किलोमीटर म्हणजे अर्धा तास, दोन थांबे दहा-दहा मिनिटांचे, एकूण पन्नास मिनिटं. नोव्हेंबरच्या त्या दिवसांत आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमाराला बुडतो. मिस्सा, म्हणजे वेदीवरची मुख्य उपासना, साडेचारला लावली तर मिरवणूक अंधारात सापडते आणि घाई सुरू होते. चारला लावा.

आणि वाट आदल्या दिवशी पालियो घेऊन चालून बघा. खाली लोंबणाऱ्या केबली आणि वाकलेली झावळं दांड्यांना अडकतात. वाड्यातली पायवाट अरुंद असेल तर चार दांड्यांचा पालियो वळतच नाही. तिथे एका दांड्याची छत्री बरी.

तिसरी घंटा:

दोघंही उपासनेचा क्रम सोडून बोलताय, म्हणून मध्ये पडते.

साक्रामेंताची मिरवणूक मिस्सेनंतर लगेच काढणं हे सर्वांत योग्य, आणि त्याच मिस्सेत अर्पण केलेली होस्तिया, म्हणजे ती भाकरीची चकती, न्यावी. म्हणजे दोन मोठ्या होस्तिया लागतात. दुसरी लुनेटमध्ये, म्हणजे होस्तिया धरणाऱ्या काचेच्या खाचेत, बसते का ते अर्पण न केलेली घेऊन आधी बघायचं. मोठी निघाली तर ऐन वेळी दाबून बसवताना कड मोडते, कण पडतात, आणि वेदीवर दोन मिनिटं नुसती खटपट चालते. कम्युनियननंतर, म्हणजे लोकांनी होस्तिया घेतल्यावर, मॉन्स्ट्रन्स (होस्तिया दाखवायचं उभं पात्र) वेदीवर ठेवायचा, कम्युनियननंतरची प्रार्थना म्हणायची आणि मिस्सेचा शेवटचा आशीर्वाद गाळायचा. बऱ्याच ठिकाणी इथेच चुकतं. आशीर्वाद देऊन टाकतात, लोक घरी जायला उठतात आणि मिरवणुकीला निम्मी माणसं उरतात.

धुपाचंही असंच. कोळशाची चकती धूप घालण्याआधी सात-आठ मिनिटं पेटवून पुरती राखाडी होऊ द्यावी. काळी असताना धूप टाकला तर सोऱ्याचा वास येतो आणि लोक खोकतात. चकती पाऊण तास टिकते, त्यामुळे पन्नास मिनिटांच्या वाटेला दोन धुपाटणी लागतात, दुसरं वीस मिनिटांनी पेटवलेलं. मेणबत्त्या काचेच्या कंदिलात. उघड्या असल्या तर पहिल्याच वळणावर वाऱ्याने विझतात.

मांडवीपल्याडबाब, मिरवणूक नको म्हणणारे पुष्कळदा दुसऱ्या टोकाला जातात: मिस्सा संपल्यावर पाच मिनिटं साक्रामेंत बाहेर काढायचा, आशीर्वाद द्यायचा, आत ठेवायचा. १९७३च्या विधिग्रंथात हे स्पष्ट मना आहे. फक्त आशीर्वादासाठी साक्रामेंत मांडायचा नसतो. वाचन, गीत, प्रार्थना आणि पुरेशी शांतता आधी हवी. मिरवणूक रद्द केलीत तर निदान अर्ध्या तासाची आराधना ठेवा.

शेवटचा बाक:

माझं भांडण ‘राजा’ या शब्दाशीच आहे. गोव्यात पाद्रोआदोच्या, म्हणजे पोर्तुगीज राजाच्या धर्मसंरक्षणाच्या, काळी बिशपाचं नाव सुचवायचा हक्क पोर्तुगालच्या राजाचा होता. त्या मातीत पुन्हा राजा, सिंहासन, मुकुट? मेंढपाळ म्हणा. ‘अ’ वर्षाचं पहिलं वाचन यहेज्केल ३४, स्तोत्र २३. दोन्हीत मेंढपाळच आहे.

राशोलकार:

बाकबाब, इतिहास थोडा पुढे न्या. पोर्तुगालात राजेशाही १९१०ला संपली. हा सण पहिल्यांदा साजरा झाला ३१ ऑक्टोबर १९२६ला. तेव्हा लिस्बनला राजा नव्हताच. मुकुटाचीच गोष्ट काढायची तर १६४६मध्ये चौथ्या जुआंव राजाने आपला मुकुट निष्कलंक मातेच्या चरणी वाहिला आणि त्यानंतरच्या पोर्तुगीज राजांनी डोक्यावर मुकुट घातला नाही. खाली ठेवलेला मुकुट गोव्याला परका नाही. ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, गोव्यातल्या रेइश मागुश, चांदोर आणि कुएलीला तीन पोरं राजे बनून घोड्यावरून येतात. तेही बाळ येशूपुढे वाकायलाच येतात.

आणि मराठीत ‘राजा’ म्हटलं की फौज-फाटाच डोळ्यांसमोर येतो असं कुठे आहे? पंढरीचा राणा विटेवर उभा आहे, त्याला बसायला जागा नाही. ज्ञानियांचा राजा म्हणजे वाळीत टाकलेल्या घरातला पोर. शेतकऱ्याला आपण बळीराजा म्हणतो, सगळं देऊन टाकणाऱ्या राजाच्या नावाने, आणि ‘बळीचं राज्य येवो’ असं मागतो. ‘तुझे राज्य येवो’ म्हणायला या भाषेत उसना शब्द आणावा लागत नाही.

शेवटचा बाक:

बळीराजा सुंदर, पण जपून. पौल करिंथकरांना १ल्या पत्राच्या १५व्या अध्यायात म्हणतो की ख्रिस्त शेवटी राज्य पित्याच्या हाती सोपवेल, आणि सर्वांत शेवटी नाहीसा होणारा शत्रू म्हणजे मरण. २०२६चं दुसरं वाचन तेच आहे. बळी पाताळात जातो, ख्रिस्त मेलेल्यांतून उठतो. प्रवचनात दोन्ही एकाच दमात सांगितले तर लोकांच्या लक्षात बळी राहील आणि करिंथकर उडून जाईल.

तिसरी घंटा:

सहमत. एका प्रवचनात एकच उपमा.

अवांतर: २२ नोव्हेंबर संगीताची पालक संत सिसिलिया हिचाही दिवस. गायकवृंदाला तिचं अप्रूप असतं. पण त्या रविवारी तिचं स्मरण गळतं. प्रवेशगीत तिचं लावू नका.

आणि समर्पणाच्या प्रार्थनेबद्दल. मानवजातीला पवित्र हृदयास अर्पण करणारी ही प्रार्थना लिओ तेरावे यांनी १८९९ला दिली आणि पायस अकरावे यांनी या सणाला जोडली. जुन्या पुस्तिकांत तिच्यात मूर्तिपूजेच्या आणि इस्लामच्या ‘अंधारातल्या’ लोकांबद्दल ओळी आहेत. योहान तेविसावे यांनी १९५९ला त्या काढायला लावल्या. कपाटात पिवळी पडलेली पुस्तिका असेल तर ती कर्ण्यावरून वाचू नका. मिरवणूक जिथून जाते तिथे शेजारी उंबऱ्यावर उभे असतात आणि मराठी-कोकणी त्यांना आपल्याइतकीच कळते.

वाड्यावरची:

आता मूळ सूचनेवर. मांडवीपल्याडबाब, तांदूळ-डाळ गोळा करणं हे बँड सांगण्याइतकंच सोपं आहे. मत्तय २५मधल्या सहा कामांपैकी तीन दुकानात विकत मिळतात: अन्न, पाणी, कपडा. उरलेली तीन, म्हणजे परका, आजारी आणि तुरुंगातला, यांना वेळ द्यावा लागतो. संध्याकाळी ती उरकत नाहीत. कोलवाळच्या तुरुंगात जायचं तर आधी परवानगी लागते, ऐन रविवारी दारात जाऊन उभं राहून चालत नाही.

गोळा करायचंच तर तांदळाचा डोंगर आणि तेलाचा थेंब नाही असं होतं, कारण प्रत्येकाला सोपं तेच आणतो. प्रत्येक वाड्याला एकच जिन्नस वाटून द्या: एकाला तेल, एकाला तूरडाळ, एकाला साबण. पाव आणि भाजी नको, सोमवारपर्यंत राहत नाही. अर्पणाच्या वेळी आणलं तरी वेदीवर ठेवायचं नसतं, बाजूला टेबल मांडावं. आणि कोणी किती दिलं ते माइकवरून सांगायचं नाही.

आजाऱ्यांचं मात्र त्याच रविवारी होऊ शकतं. शुक्रवारपर्यंत घरांची यादी करा, घरी कम्युनियन नेणाऱ्या एका सेवकाकडे चार-पाचच घरं द्या, जास्त दिली की दारातूनच परततात. घरी टेबल, पांढरा कपडा, मेणबत्ती आणि पेलाभर पाणी एवढं पुरे. गिळायला त्रास असेल तर होस्तियेचा लहान तुकडा, वर पाण्याचा घोट. कम्युनियनआधीच्या तासाभराच्या उपवासाची अट आजारी, म्हातारे आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांना नाही. हे पुष्कळांना माहीत नसतं आणि बिचारी सकाळपासून उपाशी बसतात.

मांडवीपल्याड:

‘तीन विकत मिळतात’ हे लागलं. तांदळाची सूचना मागे घेतो.

बँडाशिवाय, लितानी म्हणत, उजेडात संपणारी मिरवणूक असेल तर माझा विरोध अर्धा मावळतो. उरलेला अर्धा थांब्यांबद्दल. थांबे नेहमी ज्याच्या अंगणात मोठं मखर उभं राहतं त्याच्याच दारात का? ‘अ’ वर्षी तरी दोन्ही थांबे दुसरीकडे न्या. एक परप्रांतीय कामगारांच्या खोल्यांपाशी, एक वृद्धाश्रमाच्या फाटकाशी.

पालियोचा चौथा दांडा:

थांबे बदलायला हरकत नाही, पण खोल्यांपाशी नेताना तिथल्या लोकांना आधी विचारा. रविवारची एकच सुट्टी, त्यात न विचारता दारात हजार माणसं उभी करणं म्हणजे परक्याचं स्वागत नव्हे.

वृद्धाश्रमाची जागा मात्र पक्की करा. फाटकातून चाकाची खुर्ची बाहेर येते का ते मोजून घ्या, साधारण ८० सेंटिमीटर तरी मोकळे हवेत. नसेल तर पालियो बाहेर ठेवून फादरांनी मॉन्स्ट्रन्स घेऊन आत जावं, छत्री धरायला मी आहे.